आठ-चारची गाडी

मंगळवार, रात्री

काल पावणेएकपर्यंत जागून ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ संपवली. परिणाम: सकाळी डब्यात पोळ्या गेल्या आणि भाजी ओट्यावरच राहिली. म्हणजे पुस्तकाला पकड आहे, हे मान्य. पण लोकलमध्ये मैत्रिणीनं “आवडलं का?” विचारलं, तर देहूरोडला सुरू झालेलं माझं उत्तर चिंचवड गेलं तरी संपेना.

पॉला हॉकिन्सची ही कादंबरी २०१५ची. गाजत होती तेव्हा वाचली नाही (गाजलेलं लगेच वाचायचं नाही, ही आमची घरची खोड). गेल्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली. आधीच्या वाचकाच्या पेन्सिलीच्या खुणांसकट.

रेचल रोज ८.०४ची गाडी धरून लंडनला जाते. नोकरी केव्हाच गेलीय, पण जिच्या घरी राहते तिला कळू नये म्हणून हा जाण्यायेण्याचा देखावा. गाडी सिग्नलला थांबते तिथून रुळालगतच्या १५ नंबरच्या घरातलं जोडपं दिसतं. त्यांची नावं हिनंच ठेवलेली, त्यांचा सुखाचा संसारही हिनंच थाटून दिलेला. त्याच रस्त्यावर २३ नंबरात तिचा आधीचा नवरा नव्या बायकोबरोबर राहतो, त्या घराकडे मात्र बघवत नाही.

ही पानं मी दोनदा वाचली. तळेगाव ते शिवाजीनगर, इतकी वर्षं मी दुसरं काय करतेय? खडकी सोडल्यावर गाडी रखडली की एका इमारतीची मागची बाजू समोर येते. तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा धुतलेलं धोतर दोरीवर टाकतात, मग दोन्ही टोकं जुळेपर्यंत ओढत बसतात. मी त्यांना नाना म्हणते. त्यांचा मुलगा नाशिकला असतो आणि सूनबाईंशी त्यांचं पटत नाही, हेही मीच ठरवलंय.

मग १५ नंबरातली ती बाई, मेगन, नाहीशी होते, रहस्य सुरू होतं, आणि माझी कुरकुरही. रेचल इतकी पिते की त्या रात्रीचं तिला काही आठवत नाही. ठीक. पण आठवण परत येते ती हप्त्याहप्त्यानं, आणि नेमकी प्रकरण संपता संपता. सांगणाऱ्या बायका तीन, पण वरचं नाव हातानं झाकलं तर कोण बोलतेय ते मला दर वेळी सांगता येत नव्हतं. पुरुष तर सगळेच सारखे संशयास्पद. शिवाय प्रत्येक नोंदीला तारीख आणि ‘सकाळ’ किंवा ‘संध्याकाळ’. रेचलच्या नोंदी २०१३च्या, मेगनच्या २०१२पासूनच्या. मी सालाकडे बघितलंच नाही, शंभरेक पानं गेल्यावर उलटी फिरले. तेव्हा दिसलं, आधीच्या वाचकानं मेगनच्या प्रत्येक सालाभोवती बारीक गोल केलाय. इतके दिवस मला वाटत होतं, चाळा म्हणून केले असतील.

शेवट सांगत नाही. घाईचा आहे, रक्तरंजितही. आमचे आप्पा रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचून मग निवांत पहिलं उघडायचे. इथे त्यांचं फारसं नुकसान झालं नसतं.

पण आज दिवसभर डोक्यात राहिलंय ते वेगळंच. काल रात्री तू काय तमाशा केलास, हे रेचलला दुसरं माणूस सांगतं, आणि ती ते मुकाट मान्य करून माफी मागते. वाचताना मावशी आठवली. काका चारचौघांत म्हणायचे, “हिच्या काही लक्षात राहत नाही.” गॅस उघडा राहिला, किल्ली हरवली, पाहुण्यांना काही लागेल असं बोललं गेलं, सगळं हिच्याच नावावर. पुढे पुढे मावशी स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारायची, “मी खरंच असं बोलले का गं?” मी तेरा-चौदा वर्षांची. “असेल,” म्हणायचे.

विसराळूपणाच्या ज्या युक्तीवर मी दोनशे पानं चिडले होते, तीच काढली तर हेही पुस्तकातून जाणार. आता चिडायचं कुणावर?

मैत्रिणीला उद्या प्रत द्यायचीय. खोडरबर शोधून ठेवलाय. ते गोल तसेच ठेवले तर ती माझ्यासारखी चकायची नाही. खोडले, तर चकेल आणि परवा लोकलमध्ये माझ्याशी भांडेल. दोन खोडले, मग थांबले.