जर्मनीत केमिस्ट्री: एमएस्सीवर थांबलात तर मध्येच अडकाल

आपल्याकडे एमएस्सी झालं की माणूस केमिस्ट. (औषधाच्या दुकानावरच्या पाटीचा केमिस्ट वेगळा.) जर्मनीत मात्र केमिस्ट म्हटलं की समोरचा डॉक्टरेट गृहीत धरतो. फ्लास्कवरचं रोजचं काम लाबोरांट करतो. शाळेनंतर साडेतीन वर्षं कंपनी आणि व्यवसायशाळा असं दोन्हीकडे शिकून तो तयार होतो, आणि त्याचा हात नव्या एमएस्सीवाल्यापेक्षा हमखास साफ असतो. प्रयोगशाळाप्रमुख सहसा पीएचडी. नुसती मास्टर्स या दोघांच्या मध्ये लोंबकळते. म्हणून हिशेब दोन वर्षांचा नको, पाच-सहा वर्षांचा करा.

अर्ज अडतो तो बहुधा गुणांवर नाही, विषयांवर. तिथल्या तीन वर्षांच्या बॅचलरमध्ये १८० क्रेडिट असतात आणि त्यातला मोठा वाटा केमिस्ट्रीचाच. आपल्या जुन्या बीएस्सीची पहिली वर्षं फिजिक्स, मॅथ्सबरोबर वाटली गेलेली. फिजिकल केमिस्ट्री आणि प्रॅक्टिकलचे तास कमी भरतात. त्यामुळे नुसती गुणपत्रिका पाठवू नका. विद्यापीठाचा अभ्यासक्रम तासांसकट जोडा. गुणांचं जर्मन श्रेणीत रूपांतर सोपं आहे: कमाल गुणांतून आपले वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. शंभरपैकी ७०, पास ४० ला, म्हणजे २.५. इथे आकडा जितका लहान तितका चांगला. एपीएसचं, म्हणजे आपल्या पदव्या-गुणपत्रिका तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र आधी हातात हवं. त्याशिवाय विद्यार्थी व्हिसाचं गाडं पुढे सरकत नाही.

मास्टर्समधली खरी संधी लेक्चर हॉलमध्ये नसते, ती संशोधन प्रॅक्टिकलमध्ये असते. काही आठवडे एखाद्या प्राध्यापकाच्या गटात बसून त्यांच्याच प्रकल्पाचा एक तुकडा करायचा. पुढे पीएचडीची जागा बऱ्याचदा इथूनच मिळते, म्हणून गट निवडताना विषयाइतकंच तिथल्या पीएचडीवाल्यांना विचारून घ्या.

या गटांत आपली मुलं जिथे घसरतात ती जागा म्हणजे श्लेंक लाइन, हवा टाळून प्रयोग करायची काचेच्या नळ्यांची मांडणी. पंपाआधीचा ट्रॅप, म्हणजे सॉल्व्हंटची (द्रावकाची) वाफ गोठवून अडवणारी नळी, द्रव नायट्रोजनने थंड करतात. नायट्रोजन उकळतो उणे १९६ अंशाला, ऑक्सिजन उणे १८३ ला. म्हणजे ट्रॅप थंड असताना एखादा कॉक (नळीची चावी) उघडा राहिला, तर आत आलेल्या हवेतला ऑक्सिजन तिथेच द्रव होतो. तळाशी फिकट निळं काही दिसलं आणि सोबत सॉल्व्हंट असेल तर तो स्फोटकच. अशा वेळी नायट्रोजनचा थर्मास काढायचा नाही, पंप चालू ठेवायचा, हूडची (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच खाली ओढायची आणि सगळ्यांना बाहेर काढायचं. सुरुवातीचा क्रमही पक्का: आधी व्हॅक्यूम, गळती नाही हे बघायचं, मगच ट्रॅपला द्रव नायट्रोजन.

पीएचडीला फी नसते, उलट करार मिळतो. पण पगार बहुतेकदा पूर्ण वेळेचा नाही, अर्धा किंवा दोन तृतीयांश. कामाचे तास मात्र पूर्ण. नंतर लुडविग्सहाफेनची बीएएसएफ, डार्मश्टाटची मर्क, लेव्हरकुझेनची बायर अशी दारं आहेत. संशोधनाचं काम इंग्रजीत निभतं. पण प्लांट, सुरक्षा, नोंदणीची कागदपत्रं म्हटलं की जर्मन लागतंच. बी१ वर (जर्मनच्या मधल्या पातळीवर) थांबलेल्याला मुलाखतीत ते लगेच कळतं.