चीक बसला का?

२६ मे. नवतपाचा दुसरा दिवस. रात्रीचे साडेदहा.

पहाटे साडेचारला कुरडयांसाठी शिजवायच्या गव्हाच्या चिकाच्या वासानं जाग आली. आधी स्वप्नच वाटलं. मग चुलीत घालायला कपाशीच्या पराट्या मोडल्याची कडकड ऐकू आली आणि पाठोपाठ गंजाच्या बुडाला चाटू घासल्याचा आवाज. चीक पातळ असतो तोवर चाटू नुसता खळखळतो. आळायला लागला की आवाज बसतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. तो बसला होता. म्हणजे समोर चीक आळत आला होता आणि मी आपली स्लॅबवर मच्छरदाणीत पडलेली.

मला हाक नाही.

उठून कठड्यापाशी गेले नाही. म्हणजे गेले, पण उभी राहिले नाही. कठड्याच्या जाळीतून पाहिलं. समोरच्या वहिनी, त्यांची सून, कोपऱ्यावरच्या मावशी. आणि चाटू कुणाच्या हातात, तर ग्रामसेवकाच्या बायकोच्या! जानेवारीत राहायला आलेली बाई. अजून हिला गल्लीतला नळ कोणत्या वेळी येतो ते धड माहीत नाही, आणि हिच्या हातात चाटू.

तीन दिवस गल्लीत आंबूस वास येत होता. मी म्हटलं नालीचा असेल. यांना म्हटलंसुद्धा, ग्रामपंचायतीत सांगा जरा. गहू भिजत घातल्याचा वास मला ओळखता येऊ नये? सव्वीस वर्षं या गल्लीत काढली. पहिल्या दिवशी भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं. एवढं सगळं माझ्या दारासमोर झालं आणि मी नालीला दोष देत बसले.

परत येऊन पडले. झोप कुठली. यांना हलवून सांगितलं. हे म्हणाले, "बरं झालं, झोप झाली तुझी," आणि कूस बदलली. झोप यांची झाली, माझी नाही, हा मुद्दा यांच्या लक्षात येत नाही.

दिवसभर हेच डोक्यात. भांडी घासताना, पन्ह्याच्या कैऱ्या उकडताना, कूलरमध्ये बादल्या ओतताना. हाक का नाही मारली?

मागच्या वर्षी गुठळ्या झाल्या म्हणून? झाल्या, नाही म्हणत नाही. पण चीक दोघींनी करायचा असतो. एकीनं उकळत्या पाण्यात धार सोडायची आणि दुसरीनं ढवळायचं. ओतणारीनं भस्सकन ओतलं की ढवळणारीनं काय करावं? नाव मात्र ढवळणारीचं होतं. ओतत कोण होतं ते मी लिहीत नाही. समोरच राहते.

की त्यांना वाटलं मी पुण्याला जाणार? मुलगा फोनवर म्हणतो खरा दर रविवारी, ये म्हणून. सूनही म्हणते. एकदा म्हणाली, "आई, इथे कुरडया पाकिटात मिळतात, तुम्ही कशाला उन्हात." बरं. जाऊ दे.

की वर्ष व्हायचंय म्हणून? कार्तिकात आत्याबाई, माझ्या सासूबाई, गेल्या. घरात वर्ष असलं की पापड-कुरडया टाकत नाहीत, हे मला कळतं. मी टाकणारही नव्हते. पण माझ्या घरी टाकायच्या नाहीत म्हणजे मी दुसऱ्याच्या घरी चाटूही धरायचा नाही, असं कुठं आहे? हाक मारली असती तर मीच म्हणाले असते, नाही बाई, यंदा वर्ष आहे. पण मला नाही म्हणायला तरी मिळालं असतं.

आठ वाजता वहिनींची नात वाटी घेऊन आली. वर स्टीलची ताटली झाकलेली. "काकू, मायनं चीक देल्ला." मी घेतला. ओट्यावर ठेवला. दूध-साखर घालून गरम गरम खायचा तो चीक. आत्याबाई तर नुसत्या तेलावर खायच्या, वर जवसाची चटणी. मी वाटीकडे पाठ करून कैऱ्या सोलत राहिले. ताटलीच्या आतून वाफेचे थेंब धरले, मग तेही सुकले.

दुपारी ऊन असं की कवेलूंकडे पाहवत नव्हतं. कुत्रंसुद्धा माठाखालच्या ओलीत पोट टेकून पडलेलं. रेडिओवर ४६ म्हणाले. यांचं सुरू झालं, नवतपा तापला की पाऊस बरा, तापू दे. ज्यांना दुपारभर कूलरपुढं लुंगीवर लोळायचं आहे त्यांनी म्हणावं. ऊन म्हटलं की मला ते २०१३ सालचं आठवतं. २३ मे, नागपुरात ४७.९ झालं होतं तो दिवस. इथंही काही कमी नव्हतं. लग्नाला जायचं होतं, एसटीच्या खिडकीची दांडी धरवत नव्हती. खिशात कांदा घेऊन हे, डोक्यावर दुपट्टा बांधून मी, आणि आत्याबाई म्हणतात, "आज टाकल्या असत्या तं संध्याकाळलोक वाळल्या असत्या." लोकांना उन्हात झळा दिसायच्या, यांना कुरडया दिसायच्या. त्या लग्नात नवरदेवाची घोडी सावली सोडायला तयार नव्हती आणि ह्या मांडवाच्या कडेला उभ्या राहून हिशोब करत होत्या की एवढ्या मोकळ्या जागेत किती बाजा मावतील.

नेहमीसारखी तीन वाजता मावशींच्या ओसरीत गेले. जायचं नाही असं ठरवलं होतं. पण गेलं नाही की विचारतात का आली नाही, आणि मग सांगावं लागतं. कूलरच्या ताट्यांना यंदा त्यांनी खरा वाळा लावला आहे, मोटर सुरू झाली की पहिल्या पाण्यासरशी असा वास येतो की राग टिकवायला कष्ट पडतात. फरशीवर खडूनं पाच गुणिले पाच आखलेलं, चार चिंचोके फोडून तयार. माझी जागा खांबापाशी, ती मोकळीच होती. म्हणजे इथं माझी जागा आहे. फक्त पहाटे नाही.

कुणी काही बोलेना. वहिनींच्या मनगटावर चिकाचा वाळलेला ओघळ होता, पांढरा, चकचकीत. मी त्याच्याकडे पाहत होते आणि त्या मी पाहते आहे हे पाहत होत्या. अष्टा-चंगात एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नाही. एरवी मी मारायला कचरते, कुणाची घरी परत पाठवायची म्हणजे जिवावर येतं. आज अष्टा पडला, वर चंगा पडला, आणि वहिनींची दारापर्यंत आलेली सोंगटी मी अशी उचलून फेकली की ती कूलरखाली गेली. हसले सगळे. मीही हसले. केरसुणीनं काढावी लागली.

मग वहिनीच म्हणाल्या. चिंचोके हातात खुळखुळवत, माझ्याकडे न बघता. "तुमाले काऊन तरास द्याचा म्हटलं, तुमच्या घरी यंदा वर्ष हाय ना."

"हो ना," मी म्हटलं. "बरं केलं."

तिथं संपलं असतं. पण मावशींचं तोंड बंद राहील तर त्या मावशी कसल्या. म्हणाल्या, "कालच्या राती मी वहिनीले म्हटलं, आता चीक बसला का नाई ते सांगाले कोनाले बलवाचं? मोठीमाय तं गेली. मंग आमीच बोट घालून पाह्यलं."

गल्लीत आत्याबाईंना सगळे मोठीमाय म्हणायचे.

घरी आले. वाटी तशीच ओट्यावर. आणि मला ती हाक आठवली. रात्रीची जेवणं झाली की नऊच्या सुमाराला समोरून यायची: मोठीमाय, ओ मोठीमाय, चीक बसला का, पाहून सांगा! मग आत्याबाई पदर खोचून निघायच्या, मी मागून कंदील घेऊन, नंतरच्या काळात बॅटरी घेऊन. त्या वरच्या पाण्यात हात घालायच्या, तळाच्या थरावर एक बोट दाबायच्या, ठसा किती वेळ राहतो ते पाहायच्या. बसला म्हणाल्या की बसला. नाही म्हणाल्या की पहाटेचे सगळे बेत तासभर पुढं. एक गंज चीक तर एक गंज पाणी, पण यंदाचा लोकवन गहू कसा आहे यावर त्यात तांब्याभराचं इकडंतिकडं, ते त्याच ठरवायच्या. बन्सी शेवया-सरगुंड्यांना, कुरडयांना लोकवन, हेही त्यांनीच गल्लीला लावून दिलं. आणि मला म्हणायच्या, "चाल वं लवकर, चीक काई तुही वाट पायत बसत नाई."

सव्वीस वर्षं. हाक मला कधी आलीच नव्हती. मी बॅटरी धरणारी.

हे लक्षात आलं तेव्हा आधी रडू आलं, थोडं, कैरीच्या सालींपाशी उभं राहून. मग कसं कोण जाणे, हसू आलं. म्हणजे पहाटेपासून मी ज्या मानासाठी रुसले तो मान माझा नव्हताच! रुसायचा हक्क होता आत्याबाईंना, आणि त्या असत्या तर रुसल्या नसत्या, सरळ जाऊन ग्रामसेवकाच्या बायकोच्या हातातला चाटू घेतला असता.

वाटी उघडली. थंड चीक म्हणजे डिंक. चमच्यानं कापला. दुसऱ्याच घासाला गुठळी. आत पांढरं कोरडं पीठ, चांगली बोराएवढी. आणि मीठ खारट. यंदाच्या कुरडया तळल्यावर आणखी खारट लागतील, कारण तळल्यावर मीठ वर येतं. मी सगळी वाटी चाटूनपुसून खाल्ली. इतका बरा चीक पुष्कळ दिवसांत खाल्ला नव्हता.

संध्याकाळी पोट्टे नदीवरून डांगरं घेऊन आले, अंगणात पाणी मारलं, बाजा निघाल्या. लाईट गेली ती नेहमीची. अंधारात कुणीतरी लांबवर बँडवाल्यांची वरात ऐकू येतेय म्हणालं, कुणी नाही म्हणालं, त्यावरच अर्धा तास गेला.

नऊ वाजता समोरून चपलांचा आवाज. तीच नात. "काकू, मायनं आजीचा साचा मांगतला. आमच्या साच्याची दांडी सटकली. उद्या मावशीचा घाना हाय."

नवा स्टीलचा, फिरवायचा साचा आणला होता त्यांनी यवतमाळहून. मी म्हटलं, "कुठं ठेवला ते पाहावं लागेल बाई. सापडला की आणून देते."

सापडायचं काय त्यात. कुठं आहे ते मला माहीत होतं. ट्रंकेत, त्यांच्या नऊवाऱ्यांच्या खाली. त्या ट्रंकेला मी कार्तिकापासून हात लावला नव्हता, तो आज लावला. साचा हातात घेतला की तोच तो सागवानी जडपणा, मुठीच्या जागी घासून खोलगट झालेला. कुरडईची पितळी जाळी काढून बॅटरीपुढं धरली, तर भोकं बुजलेली. एकदोन नाही, बहुतेक सगळी. मागच्या वर्षीचा चीक, वाळून काचेसारखा. उजेड त्यातून पिवळा दिसत होता.

मागच्या वर्षी साचा मी धुतला. आत्याबाईंची बाज अंगणातच आणून ठेवली होती, उठवत नव्हतं, तिथूनच सगळ्यांना हुकूम सुटत होते. शेवटी मला विचारलं होतं, "जाळी उजेडात धरून पाह्यली का वं?"

मी हो म्हटलं होतं.

पाण्यात टाकली असती तर सकाळपर्यंत सगळं आपोआप सुटलं असतं. टाकली नाही. गोधडीची सुई घेऊन बसले आहे, एकेक भोक टोकरते आहे, मधूनमधून हे लिहिते आहे. हे बाजेवरून विचारतात, एवढ्या रात्री काय खुडखुड लावली. चीक, म्हटलं. हे म्हणाले, आता कुठला चीक.

अर्धी जाळी झाली. नात पुन्हा एकदा दारात येऊन गेली, साचा सापडला का विचारायला. सापडला म्हटलं, पण धुवायचा आहे, पहाटे मीच घेऊन येते म्हणून सांग.

मग ती दाराशीच घुटमळली. म्हणाली, "अन् मायनं विचारलं, येता येता मावशीकडचा चीक बसला का ते पाहून घ्याल का म्हून."

मला काय कळतं त्यातलं? मी फक्त बॅटरी धरायची. बोटाचा ठसा किती वेळ राहिला की बसला म्हणायचं, ते कधी विचारलंच नाही.

"पाहते," म्हटलं. बॅटरीचे सेल तेवढे बदलायला हवेत, पिवळी पडली आहे.