तुम्ही विचारलंत म्हणून: पिवळं ठेवायचं की टाकायचं?

"वहिनी, सकाळी अंड्याचं सँडविच खाता ना, मग त्यातलं पिवळं काढता की तसंच ठेवता?" जिन्यात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेट होऊ द्या, हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा असतो, "नि स्टेशनबाहेरच्या गाडीसारखी चव घरी का येत नाही?" आमचं भुसावळ म्हणजे पहाटे निघणाऱ्यांचं गाव. कोणाची ड्युटी रेल्वेत, कोणाची दीपनगरच्या वीज केंद्रात. पोहे परतायला वेळ नसतो अशा घरांत अंडं लागतंच. म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

पिवळं ठेवते. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा पिवळ्याचा असतो. अ आणि ड जीवनसत्त्व तर सगळं तिथेच. मग टाकायचं ते काय म्हणून? भीती असते कोलेस्टेरॉलची, आणि ते पिवळ्यात असतं हेही खरं. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुतेकांच्या बाबतीत अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा लोणी-तुपासारख्या संतृप्त चरबीने जास्त वाढतं. दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जी मर्यादा आपण ऐकत आलो, ती अमेरिकेने आपल्या २०१५-२० च्या आहारविषयक शिफारशींतून काढून टाकली. ज्यांना मधुमेह आहे, हृदयाचं दुखणं आहे, त्यांनी मात्र माझं ऐकू नये, डॉक्टरांना विचारावं.

गंमत बघा, पिवळं बाजूला काढणारे लोक त्याच तव्यावर मोठा चमचाभर लोणी सोडतात. त्या एका चमच्यात सात ग्रॅम संतृप्त चरबी असते, म्हणजे चार अंड्यांत मिळून असते त्याहून जास्त. वर चीजची स्लाइस, आत मेयोनीज, जे निम्म्याहून जास्त तेलच असतं. आणि दोष कोणाला? बिचाऱ्या अंड्याला. तेव्हा सँडविच हलकं करायचं असेल तर अंड्याच्या वाटेला जाऊ नका, त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघा.

पहिला ब्रेड. ब्राऊन ब्रेड आणला म्हणजे गव्हाचा आणला असं नाही. रंग कॅरॅमलचाही असतो. पाकीट उलटं करा. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहायची असते, म्हणून पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो मैद्याचाच ब्रेड. गव्हाचं पीठ पहिलं असेल तर घ्या. ब्रेड नसेल तर रात्रीची पोळी चालते, छान चालते. कळण्याची भाकरी मात्र यात घालायला जाऊ नका. दुमडली की मोडते, घास हातात येतो नि अंडं ताटात. कळण्याच्या भाकरीसोबत भुर्जी वेगळी घ्या, तिच्यात ज्वारीबरोबर उडीदही दळलेला असतो, ते जेवण तसंही भक्कम आहे. पण ते सँडविच नव्हे.

आता लावायचं काय. इथे आपण खान्देशातले लोक नशीबवान. हिवाळ्यात जळगावची भरीताची वांगी येतात ना, फिकट हिरवी, मोठी, कमी बियांची, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यातलं एक भाजायचं. भरीत करायच्या दिवशी एक वांगं जास्तीचं भाजलं तरी काम झालं. सोबत हिरव्या मिरच्या आणि लसूणही भाजून घ्यायचा. सगळं एकत्र ठेचायचं, मीठ बेताचं, कांद्याची पात कच्चीच बारीक चिरून. फोडणी द्यायची नाही. भरताला तेलाचा तवंग हवा हे मला मान्य आहे, फोडणीशिवायच्या भरताला भरीत म्हटलं तर माझ्या माहेरचे माझं नाव टाकतील. पण ब्रेडला लावायला हाच बिनतेलाचा गर बरा. मऊ असतो, धुरकट असतो, ब्रेड कोरडा लागू देत नाही. मेयोनीज ज्या कामासाठी घालतात ते काम तो करतो, आणि चव त्याच्यापेक्षा चांगली. डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवला की दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

उन्हाळ्यात तशी वांगी नसतात. मग दही फडक्यात बांधून त्याचा चक्का करायचा आणि त्यात चमचाभर ठेचा कालवायचा. चक्का आंबट असेल तर थोडं शेंगदाण्याचं कूट. एवढंच.

आणि गाडीची चव. ती लोण्यात आहे असं सगळ्यांना वाटतं. लोणी आहेच, पण खरी करामत हाताची आहे. नीट बघा गाडीवाला काय करतो ते. अंडं तव्यावर पसरतं, कडा पांढऱ्या होतात, मधलं अजून ओलं असतं, तेवढ्यात तो ब्रेड त्या ओल्यावर ठेवून दाबतो. अंडं ब्रेडला चिकटतं. मग सगळं एकदम उलटतो, बाहेर लोंबणाऱ्या कडा उलथन्याने आत दुमडतो आणि ब्रेडची कोरडी बाजू त्याच तव्यावर खरपूस होते. घरी आपण ऑम्लेट वेगळं करतो, ब्रेड वेगळा लोणी लावून भाजतो आणि दोन्ही एकमेकांवर ठेवतो. ते एकजीव होत नाही, खाताना घसरतं. गाडीवाल्यासारखं करा, लोण्याशिवायही तशीच चव येते.

माणशी एक अंडं पुरतं, भूक मोठी असेल तर दोन. त्यात कांदा, मूठभर मेथी किंवा पालक, असेल तर शेपूची चार पानं, सगळं अगदी बारीक. टोमॅटो घालायचा तर बिया नि पाणी काढून, नाहीतर ऑम्लेट पाझरतं आणि ब्रेड भिजतो. भाजी इतकी हवी की अंडं तिला धरून ठेवण्यापुरतं दिसावं. बिडाचा तवा असेल तर अर्धा छोटा चमचा तेल खूप झालं, आच मध्यम. अंड्यात मीठ घालूच नका. ब्रेडमध्ये आहे, ठेच्यात आहे. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एक छोटा चमचासुद्धा नाही, आणि आपण तिखट-खारटाचे शौकीन.

पिवळं वाहतं ठेवू का, असंही पोरं विचारतात, मोबाइलवर बघून. मी नाही ठेवत. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांमध्ये सापडला होता, २०२१ मध्ये तिथेच पुन्हा आला. तेव्हा माणसांनी अंडी खाणंच बंद केलं, त्याची गरज नव्हती. पूर्ण शिजलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही, साल्मोनेलासारखे जिवाणूही मरतात. फक्त पिवळंही घट्ट होईपर्यंत धीर धरायचा.

डब्याचं वेगळं सांगते. शिजवलेलं अंडं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरात संपवावं, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा त्या दिवसांत सँडविच घरीच, उभ्या उभ्या का होईना, खाऊन निघायचं. दुपारच्या डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्या. थंडीत सकाळी नऊच्या सुट्टीत खाणार असेल तर देते, पण गार करून, मग डबा बंद. गरम बंद केलं की वाफ धरून ब्रेडचा लगदा होतो.

राहता राहिला सासूबाईंचा तवा. ज्यांच्या घरी अंडं चालतं पण त्याच तव्यावर पोळी चालत नाही, त्यांनी बाजारातून एक छोटा बिडाचा तवा वेगळा आणावा. आमच्याकडे तो गॅलरीत खिळ्याला टांगलेला असतो. श्रावणात त्यालाही सुट्टी. तेव्हा याच पद्धतीने बेसनाचं धिरडं ब्रेडला चिकटवते, ओवा आणि कांद्याची पात घालून. ते कसं करायचं हे अजून कोणी विचारलेलं नाही.