टाचेतला दोरा

नगरपरिषदेत घनकचऱ्याचे टेबल सांभाळत असल्यामुळे वारीतही माझी नजर पताकांवरून घसरून रस्त्याच्या कडेला जाते, हा दोष मला मान्य आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघालो. रायमोहा झाले, पाटोदा झाले, मधले दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत.

पाटोद्यापुढची एक दुपार मात्र लख्ख आठवते. टाचेचा फोड ठणकत होता आणि एका दात्याच्या मंडपात थर्माकोलच्या ताटलीत खिचडी, पाण्याचे पाऊच, कागदी कपात चहा असे एकामागून एक हातात येत होते. शंभराहून अधिक माणसे जमवायची असतील तर तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा जागीच वेगळा करून सोपवावा, हे घनकचऱ्याच्या नियमांतले कलम मला तोंडपाठ आहे. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी असून पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे, हेही. तरी मी ती खिचडी मुकाट्याने संपवली, वर पुन्हा मागून घेतली.

चहाचा कप घेऊन बांधावर टेकलो तेव्हा शेतातून एक आजी आल्या. त्यांनी काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, पोलक्याला टोचलेली सुई काढून फोडातून दोरा ओवला आणि पाणी झिरपत राहावे म्हणून तो तसाच आत ठेवला. मला भरून आले होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माउली, कप इथं टाकू नका. वावर माझं हाय."

मला रागच आला. मी काय टाकणारा माणूस आहे? त्यांनी जवळच्या सरीत बोट घालून गेल्या वर्षीचा एक कप उकरला. कागद मातीत जिरून गेला होता, आतला प्लॅस्टिकचा पापुद्रा तेवढा कपाच्या आकारात शिल्लक होता आणि त्याखाली सरकीचा कोंब पिवळा पडून वाकला होता. आजींनी नखाने माती सारून तो सरळ केला. मागून "भानुदास एकनाथ" ऐकू आले. मी कप पडशीत घातला आणि लंगडत दिंडी गाठली.

परंड्यात बुक्क्यासाठी सोबत्याने माझ्या पडशीत हात घातला, तर चहाने चिकट झालेले सात कप बाहेर आले. तो पंढरपूरपर्यंत हसत होता.

परतल्यावर पहिल्याच दिवशी टेबलावर एका सप्ताहाच्या मंडपाचा अर्ज आला. महाप्रसादाच्या पंगतीत जेवणाऱ्यांची संख्या लिहिली होती: अंदाजे नव्व्याण्णव.