आवाज मागाहून येतो

रॉकेट उडताना माणसं रॉकेटकडे बघतात. मी आकडे मोजतो.

फ्लोरिडातला कोको बीच, टळटळीत दुपार. भाचीनं ऑर्लँडोहून हौसेनं गाडी काढून आणलेलं. सोबत चटई, छत्री आणि डबाभर तिखटमिठाच्या पुऱ्या. वाट बघता बघता ती सांगत होती, की जानेवारी 2022मध्ये प्रवाशांचं एक भलंमोठं जहाज धोक्याच्या हद्दीत शिरलं म्हणून इथलं उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं होतं. मला ते जहाज एकदम जवळचं वाटलं. आमच्याकडे हे काम म्हशी करत.

कोकण रेल्वेचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. समोरच्या डोंगरात कटिंगसाठी सुरुंग लावायचे. आधी भोंगा, मग लाल बावटेवाला माणूस गुरं हाकलत सुटायचा, आणि एखादी म्हैस हमखास तिथेच बसकण मारायची. ती उठली की मग धूळ उठायची. मुकाट, काहीच झालं नसल्यासारखी. पडवीत आजोबा बोटाची पेरं मोजायचे. तीनाला बार ऐकू यायचा, कौलं थरथरायची, आणि आजोबा जाहीर करायचे, "तीन सेकंद, म्हणजे आवाज एक किलोमीटरवरून आला." हे रोज. आजी आतून म्हणायची, "कालही तेवढाच होता की! डोंगर कुठं जातोय?" आजोबा काही बोलत नसत. पण मोजल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे, आणि आता मलाही लागत नाही.

तर उत्तरेला किनाऱ्याच्या रेषेवर केशरी ठिपका पेटला, भाची ओरडली, "मामा, उडालं!" आणि मी म्हटलं, "एक."

वीस झाले, तीस झाले. ठिपका चढतोय, मागे पांढरी रेघ, आणि खाली फक्त लाटांचा आवाज. चाळिशीच्या पुढे लोक एकमेकांकडे बघायला लागतात, मोबाइल खाली येतात. भाचीनं डबा उघडला. साठ उलटले आणि मग तो आला. आधी पोटात, नंतर कानात. घरघर, तिच्यावर तडतड, जणू आभाळाचं कापड कुणी टराटरा फाडतंय. सगळ्यांच्या माना पुन्हा वर. रॉकेट तोवर ढगांच्याही पार गेलेलं, आवाजालाच मागे टाकण्याच्या बेतात.

"किती?" भाचीनं विचारलं.

"एकवीस किलोमीटर. थोडं जास्तच."

"मामा, ते गूगलवर असतं."

असतं. पुऱ्या छान झाल्या होत्या.

रात्री झोप येईना म्हणून दुसरं एक गणित मांडलं. अवकाशयानं जिथून सुटत, त्यातला एक तळ आणखी उत्तरेला. कोको बीचच्या लाकडी पिअरपासून एकोणतीसेक किलोमीटर. म्हणजे आवाज इथे यायला ऐंशीहून जास्त सेकंद. 28 जानेवारी 1986ला तिथूनच सुटलेलं चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांनी फुटलं. आत सात जण होते. त्या सकाळी या वाळूवर जे उभे असतील, त्यांनी ते फुटताना पाहिलं, आणि ते जमिनीवरून उठल्याचा आवाज त्यांच्यापर्यंत त्यानंतर आला.