तुम्ही विचारलंत म्हणून : हृदयात स्टेंट बसतो, मग मेंदूत का नाही?

मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून मेंदूच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचणे आणि तिथे जे बिघडले असेल ते दुरुस्त करणे, हे गेली वीस वर्षे माझे रोजचे काम आहे. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे, आणि तो ओपीडीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर पासपोर्टच्या रांगेतही विचारला गेला आहे. गेल्या वर्षी तो पुन्हा समोर आला, तेव्हा विचारणारा ऊस पिकवणाऱ्या घरातला तिशीतला मुलगा होता. म्हशीची धार काढता काढता त्याच्या वडिलांच्या उजव्या हाताची पकड सुटली होती, जीभ जड झाली होती आणि वीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले होते. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे धमन्या दाखवणाऱ्या तपासणीत, मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीत ऐंशी टक्के चिंचोळी जागा दिसत होती. मुलाने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, ती जागा अचूक शोधून काढली आणि म्हणाला, "साहेब, चुलत्यांच्या हार्टात दोन स्प्रिंगा बसवल्या, तिसऱ्या दिवशी घरी आले. आण्णांच्या डोक्यात एक बसवायला काय अडचण आहे?"

त्याला ओपीडीत दहा मिनिटांत जे सांगितले, ते इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिली अडचण रस्त्याची आणि भिंतीची आहे. हृदयाची धमनी हृदयाच्या पृष्ठभागावर असते आणि महाधमनीतून बाहेर पडल्यावर लगेच सापडते. मेंदूकडे जाणारी धमनी मानेतून वर येते, कवटीच्या तळाच्या हाडातून शिरते आणि तिथे इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. त्या वळणातून स्टेंटसारखी, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या धातूच्या जाळीदार नळीसारखी, ताठ वस्तू नेणे म्हणजे उसाची ट्रॉली बोळातून काढण्यासारखे आहे. वळण पार करून गेल्यावर जी धमनी लागते, तिचा व्यास अडीच ते तीन मिलिमीटर असतो, आणि तिची भिंत तेवढ्याच व्यासाच्या हृदयाच्या धमनीपेक्षा पातळ असते. शरीरातल्या इतर धमन्यांना बाहेरून लवचीक पडद्याचा जो एक थर असतो, तो कवटीच्या आतल्या धमन्यांना नसतो. भोवती स्नायूंचा किंवा चरबीचा आधारही नसतो. त्या मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवात मोकळ्या असतात. त्यामुळे धमनी रुंद करणारा फुगा किंचित जास्त फुगला किंवा वाट दाखवणाऱ्या तारेचे टोक चुकून भिंतीतून बाहेर गेले, तर रक्त थेट मेंदूभोवती पसरते.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे, आणि ती फिल्मवर दिसतच नाही. मेंदूच्या मोठ्या धमनीतून केसासारख्या बारीक फांद्या काटकोनात निघून खोल आत जातात. हातापायांना हुकूम पोहोचवणारे सगळे तंतू जिथे एका अरुंद पट्ट्यात एकत्र येतात, तिथला रक्तपुरवठा याच फांद्यांवर चालतो. मोठ्या धमनीतला चरबीचा थर स्टेंटने भिंतीकडे दाबला की तो कुठेतरी सरकणारच, आणि पुष्कळदा तो या फांद्यांच्या तोंडांवर जाऊन बसतो. मोठा रस्ता रुंद होतो आणि त्याला लागलेले बोळ बुजतात.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो असे म्हणू शकलो असतो तर बरे झाले असते. माझ्या उमेदीच्या वर्षांत, २०१० च्या आधी, मेंदूत स्टेंट बसवण्याचा उत्साह जगभर होता आणि मीही त्यात होतो. एका शाळेतल्या शिक्षिकेच्या मेंदूच्या मागच्या मुख्य धमनीत मी स्टेंट बसवला. आधीच्या फिल्मवर धमनी दोऱ्यासारखी दिसत होती आणि नंतरच्या फिल्मवर ती वाटेल त्या पाठ्यपुस्तकात छापावी इतकी सुरेख दिसत होती. बाई भुलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा उजवा हात हलत नव्हता. एमआरआयवर मेंदूच्या देठात वाटाण्याएवढा डाग होता, म्हणजे एक बारीक फांदी गेली होती. हाताची ताकद पुढे बरीच परतली, पण फळ्यावर लिहिणे जमेना. ती फिल्म मी एका परिषदेत दाखवण्यासाठी वेगळी काढून ठेवली होती. ती कधीच दाखवली नाही.

माझ्यासारखा अनुभव अनेकांना येत असणार, हे २०११ साली आकड्यांत दिसले. अमेरिकेत सॅम्प्रिस नावाची चाचणी चालू होती. मेंदूतली धमनी ७० ते ९९ टक्के चिंचोळी झालेल्या आणि नुकताच पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे तिच्यात दोन गट केले होते. एका गटाला नेटाने औषधोपचार दिला, दुसऱ्याला तोच औषधोपचार आणि शिवाय स्टेंट दिला. पहिल्या तीस दिवसांत पुन्हा झटका येण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण औषधाच्या गटात ५.८ टक्के होते, स्टेंटच्या गटात १४.७ टक्के. ४५१ रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली. स्टेंटच्या गटात काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि काहींच्या बारीक फांद्या बंद पडल्या होत्या. औषधांनी धोका शून्यावर येतो असे मात्र कोणी समजू नये. वर्षभरात त्या गटातल्याही साधारण आठांपैकी एकाला पुन्हा त्रास झालाच. स्टेंटच्या गटात हेच प्रमाण पाचात एक होते.

यावर नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग फिल्म कशाला काढायला लावली? त्याचे उत्तर असे की फिल्मवरची टक्केवारी हा आमच्या विचाराचा शेवट नसून सुरुवात आहे. झटका आल्यावर पहिला साधा सीटी होतो, तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे पाहण्यासाठी. पहिल्या काही तासांत तो बहुधा नॉर्मल दिसतो, आणि "सीटी नॉर्मल आहे" या तीन शब्दांवर विसंबून माणसाला घरी नेल्याची किती उदाहरणे मी पाहिली आहेत, ते मोजणे मी सोडून दिले आहे. नंतर सीटी अँजिओग्राफीने छातीपासून माथ्यापर्यंतच्या धमन्या दिसतात. एमआरआयच्या डिफ्युजन नावाच्या तपासणीत मेलेला किंवा मरू लागलेला भाग पांढरा चमकतो, आणि मी सर्वांत जास्त वेळ या पांढऱ्या डागांकडे बघण्यात घालवतो.

डाग कसे पडले आहेत, यावरून आजार कुठला ते कळते. दोन मोठ्या धमन्यांच्या हद्दीवर, शेताच्या बांधासारखे, एका रेषेत ठिपके असतील तर पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. म्हणजे वर कुठेतरी प्रवाह खरोखर अपुरा आहे. एकच छोटा डाग खोल आत असेल तर एखाद्या बारीक फांदीचे तोंड बंद झाले आहे, आणि तिथे स्टेंट म्हणजे आगीत तेल. डाग दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे विखुरलेले असतील तर गुठळ्या बहुधा हृदयातून येत आहेत आणि फिल्मवरची ती चिंचोळी जागा कदाचित गुन्हेगारच नाही. अशा वेळी नाडी अनियमित आहे का, लहानपणी सांधे सुजून ताप येत होता का, हृदयाची झडप अरुंद आहे का, हे आधी पाहावे लागते, कारण संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा आपल्याकडे अजूनही दिसतात.

शिवाय प्रत्येक चिंचोळी जागा चरबीची नसते. क्षयाच्या मेंदूज्वरात धमन्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. तीव्र, अचानक डोकेदुखीने सुरू होणाऱ्या एका आजारात धमन्या आकुंचन पावतात आणि तीन महिन्यांत आपोआप पूर्ववत होतात. तरुण माणसाच्या मानेतल्या धमनीचा आतला पदर फाटलेला असू शकतो. जपानमध्ये प्रथम वर्णिलेल्या मोयामोया या आजारात मुख्य धमन्या हळूहळू बंद होतात आणि भोवती बारीक वाहिन्यांचे धुरासारखे जाळे तयार होते; तिथे उपाय आहे तो कवटीबाहेरची धमनी आतल्या धमनीला जोडून देणारा बायपास. या सगळ्यांना फिल्मवर "८० टक्के ब्लॉकेज" एवढेच नाव मिळते. शंका उरलीच तर डीएसए करतो, म्हणजे धमनीत थेट रंगद्रव्य सोडून, हाडांचे चित्र संगणकाने वजा करून, फक्त रक्तवाहिन्या पाहतो. या तपासणीचा पाया पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली लिस्बनमध्ये घातला. त्यांना पुढे १९४९ साली नोबेल मिळाले, ते मात्र मेंदूतले तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जी आज कोणी करत नाही. ज्या कामावर माझे पोट चालते, त्याला तो मान मिळाला नाही, याची मला उगाच रुखरुख वाटते.

इथे कोणी म्हणेल की हा डॉक्टर स्टेंटच्या विरोधातच आहे. तसे नाही. मानेतल्या कॅरोटिड धमनीत ७० टक्क्यांहून जास्त अडथळा असेल आणि त्याच बाजूच्या मेंदूला झटका येऊन गेला असेल, तर तिथली चरबी शस्त्रक्रियेने काढणे किंवा योग्य रुग्णात स्टेंट बसवणे हे पक्के उपचार आहेत. १९९१ च्या एका मोठ्या चाचणीत केवळ औषधांवर दोन वर्षांत २६ टक्के रुग्णांना त्या बाजूचा झटका आला होता. शस्त्रक्रियेनंतर ते प्रमाण ९ टक्क्यांवर आले. मानेतली धमनी जाड असते आणि तिथे तिला फांद्याही फुटत नाहीत. धमनीची भिंत फुग्यासारखी बाहेर आली असेल, तर त्यात प्लॅटिनमची बारीक वेटोळी भरून किंवा मूळ धमनीच्या आत, त्याच्या तोंडावर, दाट विणीची जाळी बसवून तो बंद करता येतो, आणि हे काम मी आनंदाने करतो.

सर्वांत जास्त समाधान मात्र ज्या कामात आहे, त्यात स्टेंट मेंदूत नेतात पण ठेवत नाहीत. मोठी धमनी गुठळीने अचानक बंद झाली की जाळीचा स्टेंट गुठळीत उघडायचा, तिने गुठळी धरेपर्यंत काही मिनिटे थांबायचे आणि दोन्ही एकत्र बाहेर ओढायचे. २०१५ साली एकापाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी हा उपचार सिद्ध केला. या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात, तीन महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणारे रुग्ण नुसत्या औषधोपचारावर २६ टक्क्यांच्या आसपास होते आणि गुठळी काढल्यावर ४६ टक्के. एका पहाटे एका आजींच्या मेंदूतून आम्ही अशी गुठळी काढली. नर्सने ती गॉजवर ठेवली. शेवईच्या तुकड्याएवढी, काळपट लाल, एका टोकाला जाळीची नक्षी उमटलेली. त्या तुकड्याने आजींची वाचा आणि उजवे अंग बंद केले होते. आजी टेबलावरच, भानावर येत, "पाणी" म्हणाल्या. हे काम वेळेचे आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. गुठळी काढण्याची मर्यादा निवडक रुग्णांत, मेंदूचा वाचवता येण्याजोगा भाग तपासून, २४ तासांपर्यंत गेली आहे. म्हणून तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोलणे अडखळले तर वाट पाहू नये, आणि रुग्णालयात पोहोचल्यावर "शेवटचे ठीक कधी पाहिले होते" याचे उत्तर तयार ठेवावे. झोपेतून उठल्यावर लक्षणे दिसली असतील, तर उठल्याची वेळ सांगून भागत नाही, झोपल्याची सांगावी लागते.

चिंचोळ्या धमनीत कायमचा स्टेंट मी आजही बसवतो, पण वर्षातून मोजक्या वेळा: पूर्ण औषधे चालू असताना प्रवाह अपुरा पडल्याने पुन्हा पुन्हा झटके येत असतील तेव्हा, किंवा गुठळी काढल्यावर खालची चिंचोळी जागा डोळ्यांदेखत पुन्हा बंद होऊ लागली तर. २०२४ साली चीनमधल्या एका चाचणीत, स्टेंट न घालता फुगा मुद्दाम कमी फुगवून धमनी जराशी रुंद केल्यास फायदा दिसला आहे. त्यामुळे माझे हे उत्तर दहा वर्षांनी असेच राहील, याची हमी मी देत नाही.

त्या मुलाच्या वडिलांना मी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या तीन महिने एकत्र, पुढे त्यांतली एकच, असे लिहून दिले. कोलेस्टेरॉलची भारी मात्रेची गोळी दिली, तंबाखू बंद करायला सांगितली आणि वरचे रक्तदाब १४० च्या खाली ठेवायचे ठरवले. मुलाचा चेहरा पडलेला होता. त्याने पैशांची सोय करून ठेवली होती आणि मी त्याच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी देत होतो. "परत फिल्म कधी काढायची?" त्याने विचारले. मी म्हटले, फिल्म नको, रक्तदाबाची वही आणा.

तीन महिन्यांनी आण्णा स्वतः वही घेऊन आले. नातीने पट्टीने रकाने आखले होते, सकाळ-संध्याकाळ, वर तिच्या शाळेचे आणि इयत्तेचे नाव. आकडे बरे होते. डिसेंबरातल्या एका दिवसाचे दोन्ही रकाने रिकामे होते, म्हणून मी बोट ठेवले. "त्या दिवशी कारखान्यावर होतो," आण्णा म्हणाले, "रात्रभर वजनकाट्याच्या रांगेत. मशीन घरी, पण गोळी खिशात होती." त्यांनी उजव्या हाताने खिशातून घडी पडलेली रिकामी पट्टी काढून टेबलावर ठेवली.