क्यू गार्डन्स : फुलं बघायला गेले आणि एका ओकच्या बुंध्याशी अडकले

जूनमध्ये लेकीकडे लंडनला गेलो होतो, तिने विचारलं आई तुला काय काय बघायचंय, मी पहिलंच नाव क्यू गार्डन्सचं, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध वनस्पती उद्यानाचं घेतलं. तर जावई हसायलाच लागले, म्हणे आई, डोंबिवलीच्या गच्चीत एवढ्या कुंड्या सांभाळता, इथे येऊनही झाडंच? मी म्हटलं हो, झाडंच. आणि अख्खा दिवस काढूनही अर्धं राहिलं, म्हणून मागून जाणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

आधी कामाचं. डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरायचं, तिथून व्हिक्टोरिया गेट पाच-सात मिनिटं चालत. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, गेटवर महाग पडतं. आमच्या ह्यांचा गुडघा बोंबलतोय, लेकीने आधी सांगून ठेवलं होतं म्हणून व्हीलचेअर फुकट मिळाली, हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. बाग ३०० एकरांच्या वर आहे हो, आपल्याला वाटतं फिरू हळूहळू, तसं होत नाही. घरचा डबा चालतो, गवतावर बसून आरामात खाता येतं, आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी हीथ्रोला उतरणारी विमानं जातात, त्याची तयारी ठेवा, शांतता वगैरे विसरा.

पहिल्यांदा पाम हाऊस. १८४८ साली पूर्ण झालेलं लोखंड आणि काचेचं घर, आत शिरल्या शिरल्या चष्म्यावर वाफ, आणि वास एकदम आपल्या कोकणातल्या जुलैचा. आत काय तर केळ, पपई, हळद! लोक माना वर करून केळफुलाचे फोटो काढतायत आणि मी ह्यांना म्हणतेय की हे बघायला आपण पौंड मोजले. पण मग दक्षिणेच्या टोकाला एक सायकसच्या जातीतलं (ताडासारखं दिसतं पण ताड नव्हे) झाड दिसलं, कुंडीतलं, खोड वाकून आडवं वाढलेलं आणि खालून टेकू दिलेले. फ्रान्सिस मॅसन नावाच्या माळ्याने ते १७७५ साली दक्षिण आफ्रिकेहून आणलं. म्हणजे इकडे आपल्याकडे सवाई माधवराव मांडीवर खेळत होते तेव्हापासून ते कुंडीत आहे. मी दर दोन वर्षांनी कुंडी बदलताना कंबर धरते, आणि ह्या एका झाडाचं वजन कुंडीसकट टनाच्या वर. (पाम हाऊस मोठ्या दुरुस्तीसाठी लांबलचक काळ बंद राहायचं ठरलंय, तेव्हा जाण्याआधी वेबसाइट बघाच.)

एक युक्ती सांगते, ती मला तिथल्या व्हॉलंटियर बाईंनी सांगितली. लेबलवर झाडाचं नाव असतं, कुळ असतं, मूळ देश असतं आणि एक नंबर असतो. त्या नंबरचे पहिले चार आकडे बहुतेक वेळा झाड बागेत आलं ते साल. हे कळल्यावर मजाच वेगळी, मग आपण फुलं बघत नाही, आकडे वाचत फिरतो. ह्या व्हॉलंटियर लोकांच्या फुकट टूर असतात, घ्याच घ्या.

मग टेम्परेट हाऊस, समशीतोष्ण हवेतल्या झाडांचं काचघर. हे पाच वर्षं दुरुस्तीला बंद होतं, २०१८ ला उघडलं. इथे एक घोडनवरा राहतो. नाव एन्सेफॅलार्टोस वूडाय, हाही सायकसचाच नातेवाईक. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका जंगलात जॉन मेडली वूड यांना ह्याचं एकच झुडूप सापडलं, एकाच बुडातून आलेली चार खोडं, आणि ते नर. ह्या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. तेव्हापासून मुलगी बघणं चालू आहे, अजून स्थळ मिळालं नाही. जगातल्या बागांत ह्याची जेवढी झाडं आहेत ती सगळी त्याच एका झाडाची पिल्लं, म्हणजे सगळेच नर. आता तर ड्रोन उडवून जंगलात नवरी शोधतायत. क्यूमध्ये तो १८९९ पासून आहे आणि २००४ साली त्याला पहिल्यांदा शंकू (ह्या झाडांत फुलाच्या जागी येतो तो) आला, शंभर वर्षांनी! लेक म्हणाली आई रडतेस काय झाडाकडे बघून. रडत नव्हते, पण घशात काहीतरी झालं खरं.

प्रिन्सेस ऑफ वेल्स कंझर्व्हेटरीत एकाच छपराखाली दहा हवामानं आहेत, वाळवंटातून दार उघडलं की पावसाळी जंगल. इथे क्यूच्या दोन गोष्टी. एक म्हणजे जगातलं सगळ्यात लहान कमळ, पान जेमतेम एक सेंटीमीटरचं, रवांडातल्या एका गरम झऱ्याच्या काठी उगवायचं. पाणी शेतीकडे वळवलं, झरा आटला, कमळ गेलं. क्यूमध्ये बिया रुजायच्या पण रोपं मरायची. कार्लोस माग्दालेना यांनी ओळखलं की ह्याला इतर कमळांसारखं पाण्याखाली बुडवायचंच नाही, चिखलात हवेला उघडं ठेवायचं, मग ते जगलं, हे २००९ चं. आणि २०१४ च्या जानेवारीत कुणीतरी त्यातलं एक रोप इथूनच चोरलं!! माझी गच्चीतली जास्वंद चोरीला गेली होती तेव्हा मला वाटलेलं की असले लोक आपल्याकडेच. पुढे २०२३ ला रवांडात ते पुन्हा सापडलं, हेही सांगायला हवं. दुसरी गोष्ट टायटन अरम, प्रेतासारखा वास मारणारं ते प्रचंड फूल. १८८९ साली सुमात्राबाहेर ते पहिल्यांदा क्यूमध्येच फुललं. आपल्या सुरणाचा आणि पावसाळ्यात काकडं घालून जी शेवळं करतो ना, त्यांचा हा थोरला भाऊ. नातवाला सांगितलं की आजी ह्याच्या धाकट्या भावाची भाजी करते, त्याने विश्वासच ठेवला नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडलं ते बाहेर, टर्नर्स ओक. मॅपवर शोधा किंवा विचारा. १७९८ ला लावलेला हा ओक १९८० च्या दशकात खंगत चालला होता. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात क्यूची जवळपास ७०० झाडं पडली, आणि ह्याला वाऱ्याने मुळांच्या अख्ख्या गड्ड्यासकट उचललं आणि परत तिथेच ठेवलं. आधी पडलेल्यांची आवराआवर करायची होती म्हणून ह्याला टेकू लावून सोडून दिलं, बघू नंतर म्हणून. तीन वर्षांनी बघतात तर झाड टवटवीत! कारण काय, तर दोनशे वर्षं लोकांच्या पायांनी बुंध्याजवळची माती दाबून दगड झाली होती, मुळांना हवा नाही, पाणी नाही. वादळाने ती मोकळी केली. तेव्हापासून क्यूवाले जुन्या झाडांभोवती मशीनने दाबाची हवा सोडून माती भुसभुशीत करतात, गवत काढून पालापाचोळ्याचं मोठं वर्तुळ करतात. तुम्हाला झाडांखाली असे तपकिरी गोल दिसतील, त्यावर फोटोसाठी उभं राहू नका. मी तिथे उभी राहून आमच्या सोसायटीतल्या आंब्याचा विचार करत होते, पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटून बसवलेत आणि वर मीटिंगमध्ये विचारतात मोहोर का येत नाही.

आता सगळं गोडगोड लिहिलं तर खोटं होईल. ही बाग काही नुसत्या झाडांच्या प्रेमापोटी मोठी झाली नाही. १८७६ साली ब्राझीलहून रबराच्या ७०,००० बिया इथे आणल्या, त्यातल्या थोड्याच रुजल्या, ती रोपं सिलोन आणि मलायाला गेली आणि साम्राज्याला रबर मिळालं. हिवतापावरच्या कोयनेलचं झाड, सिंकोना, निलगिरीला आलं तेही ह्याच धंद्यात. आतल्या फलकांवर ह्याचा उल्लेख सापडतो, पण शोधून वाचावा लागतो. हर्बेरियममध्ये ७० लाख वाळवलेले नमुने आहेत, आपल्या सह्याद्रीतलेही, पण ते असं सहज बघता येत नाही.

वेळ उरला तर मॅरिएन नॉर्थ ह्या चित्रकर्तीची गॅलरी नक्की, ८०० हून जास्त चित्रं भिंतीला भिंत न दिसेल अशी लावलीत, बाई १८७७ मध्ये चित्रं काढायला भारतातही आल्या होत्या. बियांची बँक मात्र इथे नाही हं, ती ससेक्समध्ये वेकहर्स्टला, उणे २० डिग्रीत २०० कोटींहून जास्त बिया ठेवल्यात, तिला वेगळा दिवस काढा, आम्हाला जमलं नाही.

काचघरं बागेच्या आधी बंद होतात, म्हणून ती सकाळी आणि झाडं दुपारनंतर. लहान मुलं असतील तर चिल्ड्रन्स गार्डनचा स्लॉट आधी बघून घ्या. आणि परतताना रिचमंडला जायचं असेल तर लायन गेटने बाहेर पडून ६५ नंबरची बस पकडा, स्टेशनपर्यंत उलटं चालत येऊ नका, आम्ही आलो, आणि ह्यांनी ते घरी पोहोचेपर्यंत ऐकवलं.